देवू सवाशीण

सिनेमात तसला माणूस यायचा असला की आधी त्याचा हात येतो. मनगटात मोडल्यासारखा. मागून रुमाल येतो, मग मुरडत तो स्वतः येतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच माणसं हसायला लागतात. परवा घरी टीव्ही चालू होता. सिनेमा नवा, रंग नवे, कपडे नवे, आणि हात तोच. इतक्या वर्षांत या लोकांना दुसरा हात सापडला नाही. घरातले सगळे हसले. मी उठून ओटीवर जाऊन बसलो. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. लिहायलाही जमत नाही, पण देवूबद्दल कोणी लिहिणार नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणून जसं येतं तसं लिहितो.

देवू आमच्या केळव्याच्या मच्छीमार पाड्यातला. माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायचो. आमच्याकडे आपल्या माणसाला अहोजाहो करत नाहीत. त्याची आई बायडी ही पाड्याची धवलारीण. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. आमच्याकडे मांडवाचा खांब रोवण्यापासून पोरगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा वेगळा धवला असतो. तो म्हटला नाही तर ती गोष्ट झाली असं कोणी धरत नाही. धवलारीण एक ओळ म्हणते आणि भोवतीच्या बायका ती झेलतात, म्हणजे मागून म्हणतात. आणि धवलारीण सवाशीणच लागते. विधवा बाई कितीही गोड गळ्याची असली तरी मांडवाच्या आत बसत नाही.

कोळ्याचा मुलगा असून देवूला दर्या लागायचा. होडी किनारा सोडत नाही तोच हा ओकायला सुरुवात करायचा. म्हणून तो जमिनीवरच राहिला. जाळी शिवायची, बोंबील वाळत घालायचे, आणि पाटी डोक्यावर घेऊन बायकांबरोबर बाजार करायचा. होडीवर जायचा नामदेव. नामदेव हा त्याचा कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण दिसत होतं. बायडीच्या दुखण्यात नामदेव त्यांच्या घरी राहायला आला तो तिथलाच झाला. होडीवरून मासळी आली की नामदेव ती देवूच्या पुढ्यात ओतायचा आणि अंगणात पाय पसरून बसायचा, जसे बाकीचे बाप्ये आपापल्या बायकांच्या पुढ्यात ओतून बसायचे. दोघांची भांडणं सगळ्या पाड्याला ऐकू यायची.

"कालवणात मीठ घातलंस का दर्याच वतलास?"

"मंग दर्यावरच जेव ना. घरी कशाला येतंस?"

नामदेवच्या तोंडून दिवसभरात निघणारे शब्द बहुतेक या मिठावरच खर्च व्हायचे. एरवी तो मुका.

बायडी गेली. पुढच्याच महिन्यात पाड्यात लग्न आलं आणि धवला म्हणायला कोणी नाही. बायकांना तुकडे तुकडे येत होते. सगळं पाठ होतं ते देवूला. आईच्या पाठीमागे बसून, ती विसरली की तोच ओळ पुरवायचा. पण धवलारीण बाप्या कसा चालेल? मांडवात कुजबुज सुरू झाली. तेव्हा गोजराबाई बोलली. ही नामदेवची म्हातारी काकी, पाड्यातली सगळ्यात जुनी बाई. तोंडातली मिश्री थुंकून ती म्हणाली, "सवाशीण म्हंजे काय गो?"

"जिचा माणूस जिता हाय ती," कोणीतरी म्हणालं.

"मंग? नामदेव जिता हाय का नाय?"

"हाय."

"झालं तर. देव्या, बस पाटावर."

सगळा मांडव हसला. देवूही हसला. नामदेव तेवढा मान खाली घालून मांडवाची दोरी आवळत राहिला. दोरी आधीच आवळलेली होती.

त्या दिवसापासून तो देवू सवाशीण. बायका इतर सवाशिणींसारखी त्याचीही ओटी भरायच्या, नारळ, तांदूळ, खण. नारळ-तांदळाचं तो जेवण करायचा. एका खणाचा त्याने नामदेवच्या बंडीला खिसा शिवला होता, हिरवा, काठासकट, आणि नामदेव ती बंडी घालून राजरोस हिंडायचा. मांडवातली ती पाटावरची जागा ही देवूची खरी मिळकत होती. दुसरं त्याच्याकडे काही नव्हतं.

मग सिनेमावाले आले. साल चौसष्ट असावं, चूकभूल माफ. किनाऱ्यावर सुरूच्या बनात त्यांनी तळ ठोकला. मी भाऊच्या धक्क्यावर काही दिवस हमाली केलेली, तेवढ्या हिंदीच्या जोरावर त्यांनी मला दुभाष्या केलं. त्यांना लग्नाचा देखावा घ्यायचा होता. वाळूत मांडव उभा राहिला. पाडा बघायला लोटला. देवू पाटी उतरवून पुढे झाला आणि मला म्हणाला, "जान्या, विचार त्यांना, धवला कोन बोलतं?"

मी म्हटलं, "देवू, हे खोटं लगीन हाय."

"मांडव तर खरा हाय ना? खांब रोवलाय ना? मंग?"

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने खांबाला हात लावून खांबाचा धवला म्हटला. आमच्या बायकांनी सवयीने झेलला. सिनेमावाले एकमेकांकडे बघून हसले. त्यांचा डायरेक्टर म्हणून जो होता तो खुर्चीतून उठला. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, बोलताना हाताची बोटं आखडून धरायची सवय. त्याने देवूला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाला, "हमें ऐसा ही आदमी चाहिए."

मी देवूला सांगितलं, "तुझ्यासारकाच माणूस पायजे बोलतात."

देवूचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्याच्यासारखा म्हणजे धवला म्हणणारा. दुसरा अर्थ त्याच्या डोक्यात आला नाही. माझ्याही आला नाही.

पण त्यांनी त्याला गायला सांगितलंच नाही. चालायला सांगितलं. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवूची चाल कशी होती? पाटी वाहणाऱ्याची. मान ताठ, नजर समोर, आणि तोल सांभाळायला कंबर हलते तेवढी हलायची. पाड्यातल्या सगळ्या बायका तशाच चालतात. डोक्यावर ओले बोंबील घेऊन केळवे रोडपर्यंत कोणीही चालून बघावं, त्याची चाल तशीच होईल. तो चालला. डायरेक्टर म्हणाला, "नहीं नहीं. जनाना चाल चाहिए."

आता याचं मी काय सांगणार? "तो बोलतो, तुझ्यासारका चाल, पन जास्त."

"जास्त म्हंजे?"

"मलाबी नाय कलत."

मग डायरेक्टरने स्वतः चालून दाखवलं. कंबर इकडे, मान तिकडे, हात मोडका, डोळ्यांची उघडझाप. देवू मन लावून बघत होता, जसं नवं जाळं बघतात. त्याने तसं करून पाहिलं. जमेना. पुन्हा दाखवलं, पुन्हा जमेना. देवू अगदी गरीब तोंड करून मला म्हणाला, "जान्या, असं चालतं तरी कोन?"

"त्याला विचार ना."

"त्याच्या बायकोला दया येत नसंल?"

त्या डायरेक्टरची बायको आणि मुलं तिथेच छत्रीखाली बसून शहाळी पीत होती. बायकोमुलांचा तो गृहस्थ देवूला शिकवत होता की देवू कसा असतो. आणि शेवटी चिडून म्हणाला की याला येत नाही, हा तसा वाटत नाही. मुंबईहून आणलेला एक नट होता, जाड, मिशा काढलेला. त्याला रंग फासला, रुमाल दिला आणि ते काम त्याने केलं. देवूला त्याच्या मागे उभा केला आणि सांगितलं, तू आपलं गा. देवू समाधानाने गायला. त्याला वाटलं, काम झालं. जाताना त्याने डायरेक्टरच्या बायकोला वाळक्या बोंबलांची जुडी दिली. तिने ती दोन बोटांत धरली.

पुढची दोन वर्षं देवू भेटेल त्याला सांगत होता की मी सिनेमात धवला बोललोय. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं, कुठून कुठून माणसं आली होती, आणि त्यांच्यामागे बोईसरला तंबूतला सिनेमा आला. एक दिवस बातमी आली की आपला सिनेमा लागला. अख्खा पाडा निघाला. देवूने नवी बंडी घातली होती. तंबूवाल्यासाठी पाटीत बोंबील घेतले होते. तिकिटावर बोंबील देणारा पाड्यातला तो पहिलाच.

सिनेमात त्या मुंबईच्या नटाचं नाव नाजुकलाल. नाजुकलालला घर नाही. आई नाही, बाप नाही, धंदा नाही. त्याच्यासाठी कोणी जेवायचं थांबत नाही आणि तो कोणासाठी थांबत नाही. तो फक्त येतो, ठेचकाळतो, हीरोच्या अंगावर पडतो, हीरो त्याला ढकलतो आणि लोक हसतात. लिहिणाऱ्याने दिवसभर बसून एवढंच लिहिलं असेल तर त्याला झोपेचेच पैसे मिळाले म्हणायचे. माझ्या शेजारी गोजराबाई बसली होती. तिने विचारलं, "हा येडा कोनाचा रं?"

मग लग्नाचा देखावा आला. आमचा किनारा, आमचे सुरू. पाडा ओरडायला लागला. आणि पडद्यावर देवू दिसला, नाजुकलालच्या खांद्यामागे. त्याने मान वर केली, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडातून बकरीचा आवाज आला.

बें.

पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा बें. तंबू खाली-वर झाला. शिट्ट्या वाजल्या. नाजुकलालने कानात बोटं घातली तेव्हा तर कामगार लोक एकमेकांच्या अंगावर पडले. आमच्या पाड्यातलं मात्र कोणी हसलं नाही. कोणाला कळलंच नाही. गोजराबाई उभी राहून पडदाभर शोधत मोठ्याने म्हणाली, "बकरी कुठं हाय रं? दिसत नाय ती!"

देवूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जान्या, मशीन बिगडली काय?"

तोपर्यंत मागच्या बाकड्यावरून कोणीतरी देवूला ओळखलं होतं. "अरे, असली बकरा तो इधर बैठा है!"

स्टेशनवर येईपर्यंत देवूला सगळं समजलं. रिकामी पाटी नामदेवने त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. बाप्याने पाटी डोक्यावर घेणं आमच्याकडे दिसत नाही. केळवे रोडपासून पाड्यापर्यंत तो तशीच घेऊन चालला.

इतकी वर्षं आमच्या पाड्यात त्या दोघांसाठी एकच शब्द होता, सवाशीण. गोजराबाईने दिलेला, हसून दिलेला आणि हसून घेतलेला. सिनेमाने दुसरा दिला. सफाळ्यापासून बोईसरपर्यंत जिथे देवू पाटी घेऊन जाई तिथे पोरं "नाजुकलाल" म्हणून बेंबें करायची. आणि ज्यांनी आयुष्यात देवूचं गाणं ऐकलं नव्हतं तेच जास्त ओरडायचे.

त्याच वर्षी हिराचं लग्न ठरलं. हिरा ही नामदेवच्या भावाची, वामनची मुलगी. देवूच्या कडेवर वाढलेली. मुलगा वरच्या अंगाच्या गावचा, तारापूरच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली. लग्नाच्या तोंडावर मुलाच्या मामाचा निरोप आला, की मांडवात ती सिनेमातली बकरी नको, आमची माणसं हसतील, धवलारीण आम्हीच आणतो. वामन देवूच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"देवू, पोरीचं लगीन हाय रं."

"मंग मी कुठं मोडतंय?" देवू जाळ्यातून मान वर न करता म्हणाला. "त्यांची बाई येऊं दे. मी नाय येत."

"तुला राग..."

"वामन, उनात उबा नको राहू. काम हाय ना तुला? जा."

नामदेव दारात उभा होता. त्याने भावाकडे एकदा पाहिलं आणि आत गेला. त्या दिवशी मिठावरून भांडण झालं नाही.

मुलाकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली. नवरदेवाला लावून उरलेली ती उष्टी. ती नवरीला लागली पाहिजे. त्यांच्याबरोबर त्यांची धवलारीण होती, मैनाबाई. जाडजूड, खणखणीत आवाजाची. पाटावर बसून तिने हळदीचा धवला सुरू केला. एक ओळ म्हणाली आणि थांबली, की बायका झेलतील.

कोणी झेलली नाही.

आमच्या बायका हाताची घडी घालून मांडवाच्या छताकडे बघत होत्या. ठरवलेलं नव्हतं, निदान मला तरी ठाऊक नाही. मैनाबाईने तीच ओळ पुन्हा म्हटली. बायकांच्या नजरा छतालाच. हिरा पाटावर पिवळं लुगडं नेसून बसलेली, हळद वाटीत सुकत चाललेली. झेलल्याशिवाय धवला होत नाही आणि धवल्याशिवाय हळद लागत नाही. मुलाचा मामा चुळबुळ करायला लागला.

मैनाबाईने पदराने घाम पुसला. "अगो बायांनो, माजा एकटीचा जीव जाईल. तुमची धवलारीण हाय कुठं?"

"ती घरी बसलीय," गोजराबाई म्हणाली. "तुमच्या मानसांना तिची लाज वाटते."

"कोन ती?"

"देवू. बायडीचा."

"बायडीचा देवू?" मैनाबाई पाटावरून उठलीच. मामाकडे वळून म्हणाली, "मेल्या, मला सांगितलंस बकरी हाय म्हनून! बायडीच्या पायाशी बसून शिकलंय मी. आना त्याला. नायतर हळद तूच खा."

हिरा तेवढ्यात उठली आणि ओल्या पायांनी देवूच्या घराकडे धावली. हळदीच्या नवरीने पाटावरून उठू नये. पण उठली. परत आली ती देवूचा हात धरून, आणि दोघांच्या मागे नामदेव.

देवू पाटावर बसला. मैनाबाई त्याच्या शेजारी. त्याने डोळे मिटले, मान वर केली आणि तोंड उघडलं. मागून, मुलाकडच्या पोरांतून आवाज आला.

बें.

पोरं खिदळली. देवूचं तोंड उघडंच राहिलं. पडद्यावर दिसलं होतं तसंच. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि पुन्हा कुठल्या मांडवात येणार नाही. नामदेवने मुठी वळल्या होत्या. देवूने डोळे उघडले. पोरांकडे पाहिलं, मग मैनाबाईकडे. आणि गायला लागला. धवल्यात व्याह्यांची टर उडवायची मुभा असते, आणि नव्या ओळी जोडायचीही. त्याने त्या हळदीच्या चालीतच, अगदी मंगल सुरात ओळ जोडली:

"वराकडची शेरडं मांडवी शिरली,
पाला घाला त्यांना, पाला घाला."

सगळ्यात आधी झेलली ती मैनाबाईने, मुलाकडच्याच. तिच्यामागून गोजराबाईने, मग सगळ्यांनी. "पाला घाला त्यांना, पाला घाला!" देवू ओळीमागून ओळ जोडत गेला. शेरडांचा मामा कोण, त्याची दाढी कशी, त्याला कुठे बांधावं. आणि प्रत्येक ओळीनंतर अख्खा पाडा पाला घालत होता. मुलाकडच्या म्हाताऱ्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. नामदेव कुठेतरी नाहीसा झाला होता. तो परत आला तो वडाचा भलामोठा डहाळा घेऊन. त्याने तो त्या पोरांच्या पुढ्यात नीट ठेवला, जनावरापुढे ठेवतात तसा, आणि जाऊन खांबाजवळ उभा राहिला.

त्यानंतर कोणी ओरडलं नाही. देवूने सूर बदलला आणि हळदीचा खरा धवला म्हटला. हिराला हळद लागली.

त्या सिनेमावाल्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्यांनी आणखी पुष्कळ नाजुकलाल काढले असतील. कोणाला घर दिलं नसेल. घर दिलं तर मीठ द्यावं लागतं, भांडण द्यावं लागतं, हिरव्या खणाचा खिसा द्यावा लागतो. तेवढी अक्कल उसनी मिळत नाही. बकरीचा आवाज स्वस्त पडतो.

नामदेव एकोणसत्तरच्या पावसाळ्याआधी गेला. दर्यावर नव्हे, घरी, तापाने. होडीचे सगळे आले होते. देवूने रडारड केली नाही. दिवसकार्य झाल्यावर पाड्यात लग्न निघालं आणि रीतीप्रमाणे गोजराबाई स्वतः त्याला बोलवायला गेली. मी तिच्याबरोबर होतो, तिला आता नीट दिसत नव्हतं.

देवू म्हणाला, "आये, मी कसा येनार? मी आता सवाशीण नाय."

नियम गोजराबाईचाच होता. तिने चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. विधवेच्या डोक्यावर ठेवतात तसा.

त्याने नंतर सगळे धवले हिराला शिकवले. ती माहेरच्या प्रत्येक लग्नाला यायची आणि पाटावर बसायची. देवू मांडवाबाहेर, पाड्यातल्या विधवा बायकांच्या ओळीत बसायचा, मांडीवर जाळं घेऊन. हिरा एखादी ओळ चुकली की तो बाहेरून खाकरायचा. ती थांबायची, आणि ओळ सुधारून पुन्हा म्हणायची.